वजन कोण ठरवतं?

(कोल्हापूर येथे झालेल्या स्त्री-आरोग्य मेळाव्यातील भाषण. लिहून काढताना थोडं आटोपशीर केलं आहे.)



मला 'उतारवयातलं आरोग्य' हा विषय दिलाय. तो ऐकल्याबरोबर काहीजणींनी मनात म्हटलं असेल, आता ही आपल्याला डिंकाचे लाडू, सकाळचं फिरणं आणि मन प्रसन्न ठेवणं यावर चार गोष्टी सांगणार. तसं काही नाही. मी वजन उचलण्याबद्दल बोलणार आहे. लोखंडाचं, वाळूचं, किलोत मोजायचं वजन. आज माझं वय ६४ आहे आणि हे मी ६१व्या वर्षी सुरू केलं.

२०२२ सालची गोष्ट. घरकामगार बायकांच्या मागण्यांसाठी आम्ही कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरलं होतं. दिवसभर सतरंजीवर मांडी घालून बसणं, भाषणं, गाणी, घोषणा. संध्याकाळी निवेदन देऊन झालं, सगळ्याजणी उठल्या. मी उठायला गेले आणि उठताच येईना. एक हात टेकला, दोन्ही हात टेकले, गुडघ्यावर आले, पुन्हा बसले. शेवटी बंदोबस्तावरच्या दोन पोलीस मुली आल्या आणि काखेत हात घालून त्यांनी मला उभं केलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "ताई, धरणं संपलं, आता तरी उठा की!"

पोलिसांनी मला रस्त्यावरून उचलण्याची ती काही पहिली वेळ नव्हती. नव्वदच्या दशकात चार-पाच वेळा मला असंच उचलून गाडीत घातलंय. पण तेव्हा मी उठायला नकार दिला होता म्हणून उचललं होतं. या वेळी मला उठता येत नव्हतं म्हणून उचललं. या दोन्हींतला फरक त्या रात्री मला झोपू देईना. कारण मला आई आठवली.

माझी आई २०१६ साली न्हाणीत पाय घसरून पडली. वय ७८. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते चांगलंही झालं, पण ती पुन्हा धड चालली नाही. पायांत उभं राहण्याइतकी ताकदच उरली नव्हती. आठ महिने तिने खाटेवर काढले आणि गेली. त्या आठ महिन्यांत तिला खरा त्रास दुखण्याचा नव्हता. शौचाला जाताना कुणीतरी उचलून बसवायला लागायचं, त्याचा होता. जिने जन्मभर कुणाकडे तांब्याभर पाणी मागितलं नाही, ती दिवसातून चार वेळा सुनेला हाक मारायची. मग हाक मारायला लागू नये म्हणून तिने पाणी पिणंच कमी केलं. सुनेला एकटीला ती उचलायची नाही, मग माझा मोठा भाऊ यायचा. साठीला आलेला तो माणूस आईला लहान मुलासारखं अलगद उचलायचा. एकदा त्याने तिला खाटेवर ठेवलं, तेव्हा त्याच्या दंडावर हात फिरवून ती म्हणाली, "माझं दूध-बदाम कामाला आलं बघ."

बदाम कुणी घोटले?

तिच्या त्या वाक्याचा अर्थ कळायला तुम्हाला आमचं घर माहीत हवं. कोल्हापुरात पेठापेठांत तालमी आहेत हे इथल्यांना सांगायला नको. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान १९१२ साली उभं राहिलं, आणि घरातला एक पोरगा तरी तालमीत जावा ही इथल्या घरांची हौस झाली. आमच्या घरात तो पोरगा म्हणजे माझा भाऊ. तो चौदा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला वस्तादांच्या हाती सोपवलं. मी दहा वर्षांची होते.

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक त्याच्या अंगाभोवती फिरायला लागलं. रात्री भिजत घातलेले बदाम पहाटे सोलायचे आणि दगडी कुंडीत घोटायचे हे काम माझं. बदाम मोजून असायचे, एक तोंडात टाकला तरी कळायचं. म्हशीचं दूध, तूप, अंडी, सगळं त्याचं. 'त्याला ताकद लागते' एवढं एकच कारण होतं आणि ते पुरेसं होतं. थंडाई त्याला देऊन झाली की आई कुंडी विसळायची आणि ते पांढरं पाणी आम्हा दोघी बहिणींना अर्धं-अर्धं द्यायची. स्वतः तेही नाही.

तालमीतही सगळं बेताने चालायचं. पहिल्या महिन्यात इतक्या बैठका, इतके जोर. ते सोसले की वस्ताद आकडा वाढवायचे. थकला की विश्रांती, मालीश, दुपारची झोप. 'पैलवान झोपलाय, भांडी वाजवू नका' हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकलंय. तालमीत व्यायामाला 'मेहनत' म्हणतात. भाऊ सकाळ-संध्याकाळ मेहनत करायचा.

आणि आई काय करायची? दोन म्हशींचं शेणघाण, वैरणीचे भारे, नळावरून घागरी, दहा माणसांच्या भाकरी. तिने रोज उचललेले किलो मोजले असते तर भावापेक्षा जास्तच भरले असते. त्याला मात्र कुणी मेहनत म्हटलं नाही. ते आपलं घरचं काम.

आता प्रश्न असा की दोघांनीही जन्मभर वजनं उचलली, तर एकजण साठीला दुसऱ्याला उचलतो आणि दुसरीला खाटेवरून उठता का येत नाही? वयाचा फरक आहे, मान्य. तिच्या पाच बाळंतपणांचा आहे. पण तेवढंच नाही. ताकद नुसत्या कष्टाने येत नाही. ताकद यायला तीन गोष्टी लागतात: बेताबेताने वाढत जाणारं वजन, त्यानंतर विश्रांती, आणि पोटभर चांगलं अन्न. भावाला तिन्ही मिळाल्या. आईला वजन मिळालं, तेही न वाढणारं, न थांबणारं. बाकीच्या दोन मिळाल्या नाहीत. हे गुपित आमच्याच घरात, माझ्याच हाताने घोटलं जात होतं आणि मला ते कळायला एकसष्ट वर्षं लागली.

नाव मिळालं की प्रश्न दिसतो

तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू घटत जातात, साठीनंतर जास्त वेगाने. ही घट इतकी सर्वांना होते की तिला कुणी दुखणं मानत नव्हतं, 'वय झालं' म्हणत होते. अर्विन रोझेनबर्ग या संशोधकाने १९८९ साली तिला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, मांसाची तूट असा अर्थ. नाव मिळालं की प्रश्न दिसायला लागतो, हे आपल्याला चळवळीत चांगलं ठाऊक आहे. छेडछाड म्हणून हसण्यावारी नेलं जायचं, त्याला लैंगिक छळ म्हणायला लागलो तेव्हाच ते कायद्यात आलं.

बाईच्या बाबतीत आणखी एक भर पडते. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडं भराभर विरळ होतात. म्हणजे एकीकडे हाड ठिसूळ होतंय आणि दुसरीकडे तोल सावरणारा, पडताना आवरणारा स्नायू कमी होतोय. आईचं हाड न्हाणीत मोडलं हे खरं, पण ते मोडण्याची तयारी वीस वर्षं चालली होती.

आता चांगली बातमी. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनला एक छोटा प्रयोग झाला. वृद्धांच्या निवासी रुग्णालयातले दहाजण, सरासरी वय ९०. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. हलकंफुलकं नव्हे, त्यांना जेमतेम झेपेल एवढं वजन. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. १९९४ साली त्याच संशोधकांनी शंभरजणांवर मोठा प्रयोग केला, त्यात ६३ बायका होत्या. दहा आठवड्यांत ताकद दुपटीहून वाढली, जिने चढणं सुधारलं. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं, त्यांची ताकद मात्र वाढली नाही. थंडाई नुसती पिऊन पैलवान होत नाही, हे आमच्या वस्तादांनीही सांगितलं असतं.

हाडांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा अभ्यास आहे, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. त्यांतल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली चांगलं जड वजन उचललं. आठ महिन्यांनी त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या बाकीच्यांची एका टक्क्याहून थोडी जास्त घटली होती. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ज्या वयात फक्त घटच होते असं आपल्याला सांगितलं जातं, त्या वयात ते वाढले आहेत.

माझ्या डॉक्टरांनी मला काय सांगितलं होतं? "आता या वयात जड काही उचलू नका, चालायला जात जा." चालणं चांगलंच, हृदयाला फार चांगलं. मी ते वीस वर्षं करत होते, आणि तरी सतरंजीवरून उठले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींत चालण्यासारख्या व्यायामाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि ६५ वर्षांपुढच्यांना ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा मिळून तीन दिवस. चालण्याचं आपल्याला सगळे सांगतात. दुसरं कुणी सांगत नाही.

पायरीवरची तालीम

मी सुरुवात केली ती एका खुर्चीपासून. हात छातीवर घडी घालून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा वेळा तरी जमावं असा अमेरिकेत वापरला जाणारा अंदाज आहे. मला सात जमले आणि आठव्याला मी खुर्चीत धपकन बसले. भाचीने हे मोजलं. ती व्यायामाचं शिक्षण घेतलेली मुलगी आहे, तिनेच मला शिकवलं. नंतर गटातल्या आणखी आठजणी आल्या. सगळ्यांत मोठ्या आमच्या आक्का, ७१ वर्षांच्या.

माझ्या घरात नऊ बायका मावेनात. आमच्या भागात एक तालीम आहे, माती मागच्या बाजूला आणि पुढच्या हॉलमध्ये सगळी लोखंडी साधनं. दुपारी बारा ते चार ती रिकामी असते. आम्ही अर्ज केला: आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तीन ते चार. पहिलं उत्तर असं आलं की बायकांची सोय नाही. सोय म्हणजे काय लागतं, विचारलं, तर सांगेनात. दुसऱ्या वेळी म्हणाले, तुमच्या वयाला हे धोक्याचं, काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? एकजण हसत म्हणाला, "काय काकू, खासबागेत उतरायचा इरादा हाय काय?" आक्कांनी त्याला विचारलं, "का, जोड आहे काय तुझ्याकडं माझ्या वजनाची?"

मग आम्ही आपल्याला जे येतं ते केलं. पाच-पाच किलोचे पाण्याचे डबे आणि वाळू भरलेल्या पिशव्या घेऊन तालमीच्या पायऱ्यांवर बसलो आणि तिथेच व्यायाम सुरू केला. आठवड्यातून दोनदा, बरोबर तीन वाजता. घोषणा नाहीत, फलक नाहीत. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. पाचव्या आठवड्यात एक जुने पैलवान आले, आक्कांची वाकण्याची पद्धत बघून म्हणाले, "पाठ सरळ ठेवा, जोर टाचेवर येऊ द्या," आणि आत जाऊन किल्ली घेऊन आले.

आता आम्हाला ती वेळ मिळाली आहे. पण सगळं गोड झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. किल्लीवाला महिन्यातून एकदा तरी विसरतो. बायकांसाठी स्वच्छतागृह अजून नाही. नवापैकी तिघी गळल्या. एकीच्या मुलाने म्हटलं, घरात कपडे वाळत घालायला तुझे खांदे दुखतात आणि तिकडे वजनं उचलतेस? तिच्या घरी जाऊन बोलायला हवं होतं. मी टाळलं, मुलाशी वाद नको म्हणून. ती पुन्हा आली नाही. ही माझी चूक मी इथे सांगून ठेवते.

दुसरी चूक शरीराची. तिसऱ्या महिन्यात मला वाटायला लागलं की आपण आता पैलवानच. एका दिवशी भाची नसताना मी एकदम दुप्पट वजन लावलं. उचललंही. दुसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की तीन आठवडे मी वाकले नाही. वस्ताद आकडा का बांधून देतात ते त्या तीन आठवड्यांत कळलं.

कष्टकरी बाईला हे कशाला?

हा प्रश्न आपल्याच गटात आला आणि तो रास्त आहे. एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, ऊसतोडीच्या बाईला वजन उचलायला शिकवणार काय तुम्ही? ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. हे तुमचं पेन्शनवाल्यांचं खूळ आहे."

मी बरेच दिवस यावर विचार केला. मोळी उचलणारी बाई आणि तालमीत वजन उचलणारी मी, दोघींच्या हातात वजनच आहे. फरक एवढाच की मोळी किती जड असावी हे ती बाई ठरवत नाही. दिवसात किती उचलायच्या हे मुकादम आणि उचलीचं कर्ज ठरवतं. दुखलं तर थांबता येत नाही, कारण खाडा धरला जातो. पाळीत, बाळंतपणानंतर, तापात, वजन तेच. त्याने स्नायू वाढत नाही, सांधा झिजतो, अंग बाहेर येतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. त्याबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडं विरळ व्हायला लागतात, हे त्या बाईला किती ठिकाणी सांगितलं जातं?

तेव्हा ऊसतोडीच्या बाईला मी 'व्यायाम कर' असं सांगणार नाही. तिला आधी विश्रांती हवी, मजुरी हवी, जेवण हवं, दवाखाना हवा. त्या मागण्या आपण करतोच आहोत. मी एवढंच म्हणते की त्या मागण्या आणि ही तालमीतली वेळ, दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: बाईच्या अंगावरचं वजन कोण ठरवतं? जन्मभर ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. आठवड्यातले दोन तास तरी ते मी ठरवते. किती उचलायचं, किती वेळा, कधी खाली ठेवायचं. खाली ठेवायचा हक्क, ही मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते.

आणि हे पेन्शनवाल्यांचं आहे काय? आमच्यातल्या चौघींनी जन्मभर लोकांच्या घरची धुणीभांडी केलीत. त्यातली एक म्हणते, "इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या घरात वाकले. इथं मी माझ्यासाठी वाकते."

वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. आठवड्याला दोन तास ही काही चैन नाही. त्या हिशेबातली आपली थकबाकी आहे.

करायचं कसं?

घरी जाऊन सुरू करता यावं म्हणून थोडक्यात सांगते.

हालचाली पाचच. एक, खुर्चीवरून उठणं-बसणं. दोन, जमिनीवरून वजन उचलणं: कंबर वाकवून नव्हे, कुल्ले मागे ढकलून, पाठ सरळ, वजन पायांजवळ. तीन, ढकलणं: आधी भिंतीवर हात टेकून जोर, मग ओट्यावर, मग जमले तर जमिनीवर. चार, ओढणं: एक हात खुर्चीवर टेकून दुसऱ्या हाताने पिशवी कुशीकडे ओढायची. पाच, दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ चालणं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा बाटल्या आणि डबे हेच आपलं साहित्य. वाळूची पिशवी भाजीच्या काट्यावर तोलून घ्या.

प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा-दोनदा. शेवटचे दोन अवघड वाटले पाहिजेत. अवघड वाटत नसतील तर ते वजन तुमच्यासाठी नाही. बारा सहज व्हायला लागले की थोडंसं वाढवा. आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस सोडून. श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू दिसायला वाढत नाही, पण ताकद वाढते, कारण मज्जातंतू असलेल्या स्नायूला कामाला लावायला शिकतात. तेव्हा आरशात बघून निराश होऊ नका, जिना चढून बघा.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, ते चालेल. सांध्यात कळ, छातीत दुखणं, चक्कर, हे आलं तर थांबायचं. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, मणका पूर्वी दबलेला असेल, अंग बाहेर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पण प्रश्न 'करू का' असा विचारू नका, 'कसं करू' असा विचारा. उत्तर वेगळं मिळतं. गुडघेदुखीवाल्यांना वाटतं आपल्याला हे नाही. उलट मांडीचा स्नायू बळकट झाला तर झिजलेल्या गुडघ्याचा त्रास कमी होतो.

बागेतल्या खुल्या व्यायामशाळांचं मला नेहमी विचारतात. काहीच नसण्यापेक्षा त्या बऱ्या. पण तिथल्या बहुतेक यंत्रांवर वजन वाढवता येत नाही आणि खरी मेख तर वाढवण्यात आहे.

आणि खाणं. आपण सगळ्यांना वाढून उरलेली आमटी भातावर घेतो, त्यात डाळ तळाशी गेलेली नसते, ती आधीच वाढून झालेली असते. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम, किंवा थोडी जास्त, प्रथिनं हवीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात. ५० किलोच्या बाईला ५० ग्रॅम झाली. एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, पेलाभर दुधात सहा-सात. मांडून बघा आपलं ताट किती भरतं ते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र विचारून. मी आता सकाळी दोन अंडी खाते. पहिल्या दिवशी ती खाताना मला कुणाचं तरी चोरून खातेय असं वाटलं. एकसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाची अंडी! शरीर बळकट करण्याआधी एवढं ओझं मनावरून उतरवायला लागतं.

शेवटचं

तीन वर्षांनी माझं काय झालं? अर्ध्या मिनिटात मी पंधरा वेळा उठते-बसते. जमिनीवरून ३५ किलो उचलते. आक्का २० उचलतात आणि एसटीत आपली पिशवी आपण वर ठेवतात. केस पांढरेच आहेत, सुरकुत्या आहेत तिथेच आहेत, वजनकाटा फारसा हललेला नाही. बारीक होण्यासाठी, तरुण दिसण्यासाठी हे नाही. जाहिरातींना ते हवं असतं, आपल्याला त्याच्याशी काही करायचं नाही. मला शेवटपर्यंत न्हाणीत एकटीने जायचंय. म्हातारपणी कुणाची मदत घेण्यात लाज नाही, हे मी आईला सांगायला हवं होतं. पण जी टाळता येते ती लाचारी आपण दैव म्हणून का स्वीकारायची?

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या प्रत्येक गटाने आपल्या भागातली तालीम, पालिकेची व्यायामशाळा, समाजमंदिर दुपारी रिकामं असतं का ते बघावं आणि साठीच्या बायकांसाठी दोन दिवस मागावेत. स्वच्छतागृहासकट मागावेत. आणि आपल्या शिबिरांत रक्तदाब, साखर तपासतो, तशी एक खुर्चीही ठेवावी.

खुर्ची इथेही आहे, तुम्ही तिच्यावरच बसला आहात. आता पुढच्या सरका, पाय जमिनीवर टेकवा, हात छातीवर घडी घाला. टेकू घ्यायचा नाही. मी घड्याळ लावते. मोजा.